अंथरूण, पाय आणि परक्या भाषेची टाच

सोलापूर शहराच्या दक्षिणेला, विजापूर रस्त्याच्या आसपास, जी विस्तीर्ण वसाहत गेल्या काही दशकांत उभी राहिली ती जुळे सोलापूर या नावाने ओळखली जाते. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचे तळे, बंद पडलेल्या गिरण्यांच्या आठवणी आणि यंत्रमागांची खडखड ही जुन्या शहराची ओळख. तर शिक्षक, कारकून, बँकांतील आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकरदार यांनी हप्त्याहप्त्याने कर्ज फेडून उभी केलेली घरे ही या धाकट्या भावंडाची ओळख. नाव जुळे असले, तरी दोघांचा तोंडवळा सारखा नाही. भाषांच्या बाबतीतही काहीसे असेच घडते. दोन भाषांतील दोन वाक्प्रचार कधी खरोखरच जुळ्या भावंडांसारखे असतात. कधी चेहरा वेगळा, पण स्वभाव एक असतो. आणि कधी चेहरा हुबेहूब सारखा, पण स्वभाव अगदी निराळा, असा एखादा तोतया समोर उभा राहतो. या तोतयाला ओळखता न आल्यामुळे किती विद्यार्थ्यांची फजिती होते, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

जुळ्या सोलापुरातील एखाद्या अभ्यासिकेत डोकावले, तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत मान घालून बसलेली मुले-मुली दिसतात. त्यांतील कित्येक अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, सांगोला अशा तालुक्यांतून आलेली. कोणाचे वडील यंत्रमागावर, तर कोणाची आई विड्या वळणारी. शिक्षण बहुतेकांचे मराठीतून, काहींचे कन्नड वा उर्दूतून झालेले. त्यांच्या पुस्तकाच्या अखेरीस इंग्रजी वाक्प्रचारांची एक लांबलचक यादी असते. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. 'वेल-हील्ड' म्हणजे श्रीमंत, 'टु कूल वन्स हील्स' म्हणजे ताटकळत बसणे, 'टु गेट कोल्ड फीट' म्हणजे ऐनवेळी कच खाणे. यादी पाठ होते, परीक्षेत एकदोन गुण पदरात पडतात आणि महिन्याभरात सारे विस्मरणात जाते. टाचेचा श्रीमंतीशी संबंध काय, थंड पावलांचा भीतीशी संबंध काय, हे त्या यादीत नसते आणि वर्गातही सहसा सांगितले जात नाही. मुलाखतीच्या खोलीत मात्र नेमका असाच एखादा शब्द समोरून येतो, उमेदवार त्याचा शब्दशः अर्थ लावतो, समोरचे गालातल्या गालात हसतात, आणि पदवी खिशात असूनही तो तरुण आपण अडाणी आहोत अशी समजूत करून घेऊन बाहेर पडतो. म्हणून प्रश्न केवळ शब्दांच्या गमतीचा नाही. तो भाकरीचाही आहे आणि आत्मविश्वासाचाही.

टाचेवरून ओळखलेली ऐपत

इंग्रजी भाषेतील पायांचे, विशेषतः टाचेचे वाक्प्रचार एकत्र मांडले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांतील बरेचसे उघड्या पायाचे नसून बुटाचे आहेत. 'डाऊन ॲट हील' म्हणजे टाच झिजलेला. ज्याच्या बुटाची टाच झिजून गेली आहे आणि नवी बसवून घेण्याइतके पैसे ज्याच्यापाशी नाहीत, असा विपन्नावस्थेतला मनुष्य. इंग्लंडच्या थंड, चिखलाच्या रस्त्यांवर बूट ही चैनीची नव्हे तर गरजेची वस्तू होती. त्यामुळे माणसाची ऐपत त्याच्या पायांकडे पाहून ठरवण्याची सवय त्या समाजाला लागली असल्यास नवल नाही. याच्या उलट 'वेल-हील्ड' म्हणजे पैसेवाला. हा शब्द मात्र बुटाच्या दुकानातून आलेला दिसत नाही. त्याचा संबंध कोंबड्यांच्या झुंजीशी जोडला जातो. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला धारदार आरी बांधली की तो 'हील्ड', म्हणजे सज्ज झाला. पुढे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला तो शब्द लागला आणि अखेर खिशात पैसा असलेल्याला. आरी, पिस्तूल आणि पैसा ही तिन्ही लढण्याची साधने आहेत, हे त्या शब्दाने न बोलता मान्य केले आहे!

'टु फुट द बिल' हा वाक्प्रचार तर निव्वळ हिशेबनिसाचा आहे. रकमांची ओळ वरून खाली मांडत जायची, बेरीज करायची आणि ती कागदाच्या तळाशी, म्हणजे पायाशी लिहायची. ही बेरीज मांडणे म्हणजे 'फुट' करणे. कालांतराने जो बेरीज मांडतो त्याच्याऐवजी जो ती रक्कम चुकती करतो त्याला ते क्रियापद चिकटले. आज इंग्रजी वृत्तपत्रात एखाद्या तुटीतील महामंडळाचे बिल कोणी 'फुट' करायचे असा सवाल येतो, तेव्हा पायाचा संबंध चालण्याशी नसून कागदाच्या तळटोकाशी असतो, हे कारकुनी पेशातील वाचकास समजावून सांगावे लागू नये.

आता मराठीकडे वळावे. मराठीत दारिद्र्याचे वर्णन करताना बूट वा वहाण फारशी आठवत नाही. मराठी माणसाचे दारिद्र्य पोटाशी आणि हाताशी जोडलेले आहे. त्याचे 'हातावर पोट' असते, त्याच्या 'पोटाला चिमटा' बसतो. कारण उघड आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या बहुसंख्य माणसे अनवाणीच चालत होती, तिथे झिजलेली टाच हे गरिबीचे लक्षण कसे ठरणार? लक्षण ठरायला मुळात बूट हवा. भाषेतील वाक्प्रचार हे अशा रीतीने त्या समाजाच्या उपभोगाचे नकळत ठेवलेले टिपण असते.

मराठीत जोडे झिजतात. पण ते निराळ्या कारणाने. आपल्याकडे 'जोडे झिजवणे' म्हणजे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडे खेपा घालणे. इंग्रजी भाषेने झिजलेल्या टाचेत दारिद्र्य पाहिले, मराठी भाषेने झिजलेल्या जोड्यांत दफ्तरदिरंगाई पाहिली. कचेरीच्या बाकावर बसलेल्या माणसाला इंग्रजीत 'टाचा थंड करणे' म्हणतात, म्हणजे चालून तापलेले पाय निवेपर्यंत बसून राहणे. मराठीत त्यालाच 'तिष्ठणे' म्हणतात. हा शब्द संस्कृतातील उभे राहण्याच्या क्रियापदावरून आला आहे. साहेबाच्या दाराशी इंग्रज निदान बसतो, मराठी माणूस उभाच असतो. दोन शब्दांतील हे अंतर लहान असले तरी टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांनी ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक टाच मराठीत आहे आणि तिचा धसका कर्जदाराला चांगलाच ठाऊक आहे. घोडेस्वार घोड्याला टाच मारतो तो वेग वाढवण्यासाठी. पण मिळकतीवर 'टाच' येते तेव्हा सारे व्यवहार जागच्या जागी थांबतात. न्यायालयाच्या किंवा वसुली अधिकाऱ्याच्या हुकुमाने घर, जमीन, यंत्रमाग यांच्यावर जप्ती बसली म्हणजे टाच आली. आणि ज्याच्या वाट्याला अखेरपर्यंत कोणाचीच मदत येत नाही, तो 'टाचा घाशीत' मरतो.

जुळे, सावत्र आणि तोतया

काही वाक्प्रचार खरेखुरे जुळे आहेत. 'स्वतःच्या पायावर उभे राहणे' हा इंग्रजीतही जवळपास त्याच शब्दांत आहे. 'टु डिग इन वन्स हील्स' म्हणजे टाचा जमिनीत रुतवून अडून बसणे. रस्सीखेचीत उतरलेल्या कोणत्याही मुलाला तो समजेल. मराठीत पाय रोवून उभे राहणे हे त्याचे जवळचे भावंड, मात्र मराठीतील रोवलेल्या पायात निर्धाराचे कौतुक असते, तर इंग्रजीतील रुतलेल्या टाचेत हट्टाची छटा अधिक असते. इंग्रज स्वतःच्या पायावर गोळी झाडून घेतो. मराठी माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो किंवा कुऱ्हाड मारून घेतो. हत्यार बदलले, शहाणपण तेवढेच. बंदूक सैनिकाच्या हाती होती, कुऱ्हाड शेतकऱ्याच्या. एवढाच काय तो फरक.

काही वाक्प्रचार सावत्र भावंडांसारखे आहेत. घर एक, आई वेगळी. 'टु टेक टु वन्स हील्स' म्हणजे धूम ठोकणे. मराठीत त्याला पायाला पाय लावून पळणे असा जोड आहे. परंतु विद्यार्थी पुष्कळदा त्याचे भाषांतर 'काढता पाय घेणे' असे करतात, आणि तिथे चूक होते. काढता पाय घेणारा पळत नाही. तो सभ्यपणे, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, रंग पाहून निघून जातो. 'कोल्ड फीट' म्हणजे पाय गार पडणे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाय गार पडले तर माणूस समाधानच पावेल. भीतीचा आणि थंडीचा संबंध थंड मुलखातच सुचतो. मराठी माणसाचे भीतीने 'पाय लटपटतात', तो 'हातपाय गाळतो'. उलट रागाने त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. चप्पल हाती घेऊन तापलेल्या फरशीवरून देवळात जाणाऱ्याला या आगीचा उगम शोधावा लागत नाही.

खरा धोका तोतयांचा. 'टु पुल समवन्स लेग' म्हणजे इंग्रजीत एखाद्याची निर्मळ थट्टा करणे. मराठीत 'पाय ओढणे' म्हणजे वर चढणाऱ्याला मत्सराने खाली खेचणे. एखाद्या वरिष्ठाने हसत हसत सांगितले की आपण तुमचा पाय ओढत होतो, तर मराठी मनाला तो कबुलीजबाब वाटेल! 'टु पुट वन्स फुट डाऊन' म्हणजे ठामपणे नकार देणे, आपले म्हणणे खरे करणे. त्याचे शब्दशः भाषांतर 'पाय खाली ठेवणे' असे केले, तर मराठीत एखादा पाळण्यातून उतरला एवढाच अर्थ होईल. 'हेड ओव्हर हील्स' म्हणजे प्रेमात पुरते बुडालेला. तर्काने पाहू गेल्यास डोके टाचांच्या वर असणे ही माणसाची रोजचीच स्थिती होय. पूर्वी हा वाक्प्रचार 'टाचा डोक्याच्या वर' असाच होता. अठराव्या शतकात तो उलटा झाला आणि उलटाच रूढ झाला. यावरून एक बोध घ्यावा. ज्या भाषेतील चुका इंग्रजांनीच प्रतिष्ठित केल्या, त्या भाषेत सोलापूरच्या मुलाकडून एक चूक झाली, तर तिचा एवढा बाऊ करण्याचे कारण नाही.

'अकिलीजची टाच' ही ग्रीकांची देणगी. थेटिस या मातेने आपल्या मुलाला अमर करण्यासाठी स्टिक्स नदीत बुडवले; पण ज्या टाचेला धरून बुडवले ती कोरडी राहिली, आणि ट्रॉयच्या युद्धात पॅरिसचा बाण नेमका तिथेच लागला अशी ती कथा. महाभारताच्या मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून सोडलेला बाण श्रीकृष्णाच्या तळपायात रुततो, हे ज्याने आजीकडून ऐकले आहे त्याला अकिलीज परका वाटू नये. परंतु भारतीय भाषांनी त्या तळपायाला दुबळेपणाचे प्रतीक केले नाही. मराठीत कच्च्या दुव्याला 'वर्म' किंवा 'मर्म' म्हणतात. पाऊस ही सोलापूर जिल्ह्याच्या शेतीची अकिलीजची टाच आहे असे लिहिण्यापेक्षा, पाऊस हे तिचे वर्म आहे असे लिहिले तर दोन शब्दांचे काम एका शब्दात होते.

पाव, पाऊण आणि पद

इंग्रजी 'फूट' मराठी घरात केव्हाच शिरला आहे. सुताराची फूटपट्टी, रस्त्याकडेचा फुटपाथ आणि शाळेचा फुटबॉल यांच्यावाचून आपले चालत नाही. वजनमापांची दशमान पद्धत भारताने १९५६ च्या कायद्याने स्वीकारली, तरी जुळ्या सोलापुरातील सदनिकेचा भाव अजून चौरस फुटावरच बोलला जातो. एखाद्या गोऱ्या माणसाच्या पावलाएवढे, म्हणजे ३०.४८ सेंटिमीटरांचे ते माप आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीचे परिमाण होऊन बसले आहे. वृत्तपत्रांत रोज छापला जाणारा 'युद्धपातळीवर' हा शब्दही इंग्रजी 'वॉर फुटिंग'चीच छाया होय.

परंतु मराठी हिशेबात पाय त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे, आणि ते फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. संस्कृतात 'पाद' म्हणजे पाय. चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे त्याच्या आधाराचा चौथा भाग. म्हणून पाद म्हणजे चतुर्थांश. श्लोकाच्या चौथ्या हिश्श्यालाही त्यामुळेच चरण म्हणतात. या पादाचा मराठीत 'पाव' झाला. पादासह एक, म्हणजे 'सपाद', त्याचा 'सव्वा' झाला. पाद उणा एक, म्हणजे 'पादोन', त्याचा 'पाऊण' झाला. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकणारी पोरे अंकगणिताबरोबर पायांचीच उजळणी करीत होती. चार आण्यांची पावली त्याच कुळातली. पुढे दशमान नाणी आल्यावर ती पंचवीस पैशांची झाली आणि २०११ च्या जूनअखेर चलनातून कायमची गेली. नाणे गेले, पण 'पावशेर', 'सव्वा रुपया' आणि 'पाऊण तास' या शब्दांतून त्याचे पाऊल उमटत राहिले.

कचेरीतील 'पद' हाही पायच. पदोन्नती, पदभार, पदनाम, पदसिद्ध हे शब्द रोज मसुद्यात लिहिणाऱ्या कारकुनाने कधी थांबून पाहिले, तर मराठी राज्यकारभार पायांवरच उभा आहे असे त्याला आढळेल. खुर्ची सोडणारा मंत्री 'पायउतार' होतो. एकदा केलेली सवलत 'पायंडा' पाडते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात रस्ते, वीज, पाणी यांना 'पायाभूत सुविधा' म्हणतात. इंग्रजी यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत एवढा ऐवज पडलेला असताना, त्याच्याकडे डोळेझाक करून त्याला परक्या टाचांचा पाढा देणे, ही शिकवण्याची उलटी रीत होय.

पायरी आणि वहाण

मात्र आपल्या भाषेतील पायांचे सगळेच वाक्प्रचार अभिमानाने मिरवावेत असे नाहीत. इंग्रजी टाच माणसाची ऐपत सांगते. मराठी पाय बहुधा माणसाची पायरी सांगतात. थोरांचे ते 'चरण' आणि 'पाऊल', धाकट्यांचे नुसते 'पाय'. आपल्याकडे पाय धरले जातात, पाय चेपले जातात, पायघड्या अंथरल्या जातात. 'पायरी ओळखून' वागावे लागते. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण तर शेकडो वर्षे स्त्रियांना आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना त्यांची जागा दाखवण्यासाठी वापरली गेली. त्या वहाणेचे कातडे कमावणाऱ्याचा आणि ती शिवणाऱ्याचा स्पर्श मात्र विटाळ मानला गेला. घरात आलेल्या सुनेच्या मागे 'पायगुण' लागतो. लक्ष्मीची पावले दारात रेखाटणारा समाज घरातील नुकसानीचे खापर जित्या लक्ष्मीच्या पावलांवर फोडतो, ही विसंगती त्याच्या लक्षात येत नाही. स्कॉटलंडमध्येही नववर्षाच्या पहिल्या रात्री उंबरठा ओलांडणाऱ्या पहिल्या माणसाच्या पावलावर वर्षाचे भाग्य ठरते अशी समजूत आहे. पण तेथील पाहुणा सकाळी निघून जातो, सुनेला त्याच घरात जन्म काढायचा असतो.

या जिल्ह्यातील पंढरपूर हे पायांच्या दोन्ही अर्थांचे साक्षीदार आहे. विठ्ठल समचरण उभा आहे आणि त्याच्या भेटीला लाखो वारकरी शेकडो मैल पायी येतात. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी महाद्वाराची पायरी होणे पत्करले अशी परंपरा सांगते. पायरीचा इतका नम्र अर्थ जगाच्या भाषांत विरळा. आणि त्याच पायरीच्या समोर चोखोबांची समाधी आहे. आत नव्हे, बाहेर. चोखोबांच्या जातीला ती पायरी ओलांडता यावी यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे मंदिराचे दार उघडले. वाक्प्रचार आपोआप बदलत नाहीत; माणसे बदलली की ते मागे पडतात. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी सहकारातून १०,००० घरांची वसाहत उभी केली आणि २००६ मध्ये ती घरे त्यांच्या ताब्यात आली. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या या बायांनी वहाणेच्या म्हणीला दिलेले उत्तर कोणत्याही कोशात नोंदलेले नाही. पण त्यांच्यामुळे 'स्वतःच्या पायावर उभे राहणे' हा झिजून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार पुन्हा धारदार झाला, यात शंका नाही.

अंथरूण कोणी विणले?

सोलापूर हे चार भाषांचे शहर आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच चौकात कानावर पडतात. गंमत अशी की या चारही भाषांत पायांविषयीची एक म्हण समान आहे. मराठी सांगते की अंथरूण पाहून पाय पसरावेत. कानडी माणूसही तेच सांगतो. त्याच्या म्हणीत 'हासिगे', म्हणजे अंथरूणच आहे. पूर्व भागातील तेलुगू विणकराच्या म्हणीत 'दुप्पटि', म्हणजे पांघरूण आहे. आणि उर्दूत तर खुद्द 'चादर' आहे! ज्या शहराची चादर देशोदेशी गेली त्या शहरात ही म्हण चारी तोंडांनी बोलली जावी, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. इंग्रज हीच गोष्ट कापड पाहून कोट बेतावा अशी सांगतो. त्याचा कोट आखूड होतो, एवढेच. आपल्याकडे पाय पोटाशी घेऊन झोपावे लागते.

प्रपंचापुरती ही म्हण शंभर टक्के खरी आहे. हप्त्यांवर दूरदर्शन संच, हप्त्यांवर दुचाकी, लग्नासाठी सावकाराचे कर्ज आणि मग मिळकतीवर टाच, हा क्रम जुळ्या सोलापुरालाही अपरिचित नाही. परंतु घराला लागू पडणारे शहाणपण राष्ट्रालाही जसेच्या तसे लागू पडते असे समजणे ही चूक ठरते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमके हेच दाखवून दिले. मंदीच्या काळात प्रत्येकाने पाय आखडून घेतले, तर कोणीच खरेदी करणार नाही. खरेदी नाही म्हणून उत्पादन नाही, उत्पादन नाही म्हणून मजुरी नाही, आणि अखेर सर्वांचेच अंथरूण आणखी तोकडे होईल. सोलापूरकरांना हे सिद्धांतरूपाने सांगण्याची गरज नाही. लोकांनी चादरी घेण्याचे थांबवले की माग थांबतो, आणि माग थांबला की विणकराच्या घरी पाय पसरण्याजोगे अंथरूण उरत नाही.

येथेच त्या म्हणीतील न विचारलेला प्रश्न पुढे येतो. अंथरूण पाहून पाय पसरा, हे ठीक. पण अंथरूण इतके आखूड का, आणि ते विणणाऱ्याच्याच वाट्याला आखूड का? जुना विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत असे. धोटा हाताने फिरे, पण ताण्याचे धागे वरखाली होत ते खड्ड्यातील फळ्या पायांनी दाबल्यामुळे. हातमाग हे नाव म्हणून अर्धेच खरे आहे. त्यात पायांची मजुरी गाळलेली आहे. १८७७ मध्ये या शहरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे गिरण्या वाढल्या, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडल्या आणि कामगार यंत्रमागांकडे वळला. आता तो मागासमोर पाळीभर उभा असतो. चादर देशभर पोचली, त्याचे पाय मात्र जिथे होते तिथेच राहिले.

अंथरूण लांब करता येते, हे महाराष्ट्राने एकदा दाखवून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूरसह अनेक जिल्ह्यांतील माणसे खडी फोडायला रस्त्यांवर उतरली. त्या अनुभवातून रोजगार हमीची कल्पना पक्की झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. गरिबाला पाय आखडण्याचा उपदेश करण्याऐवजी त्याला काम मागण्याचा हक्क देणारा हा कायदा पुढे २००५ मधील देशव्यापी कायद्यालाही मार्गदर्शक ठरला. त्याच्या अंमलबजावणीतील उणिवा पुष्कळ सांगता येतील. पण म्हणीतील अंथरूण हे दैवाने दिलेले नसून माणसांच्या निर्णयांनी लहानमोठे होत असते, हा त्यामागील विचार सहसा बाजूला सारता येणार नाही.

विद्यार्थ्याच्या बाबतीत भाषा हेच अंथरूण असते. ज्याच्यापाशी दोनतीन भाषांचा ऐवज आहे, त्याला केवळ इंग्रजी तोकडे आहे म्हणून पाय आखडून बसायला सांगणे अन्यायाचे आहे. इंग्रजी शिकलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परीक्षा, नोकरी आणि ज्ञान यांचा मोठा भाग आज त्या भाषेत आहे. प्रश्न शिकण्याच्या रीतीचा आहे. शिक्षकाने 'कोल्ड फीट' फळ्यावर लिहिले, तर शेजारी 'हातपाय गाळणे' लिहावे आणि दोन्हींतील फरक मुलांकडूनच काढून घ्यावा. कन्नड आणि तेलुगू घरांतील मुलांना त्यांच्या घरची म्हण विचारावी. 'पाय ओढणे' या तोतयाची ओळख वर्गातच करून द्यावी, म्हणजे मुलाखतीत ती करून घेण्याची वेळ येणार नाही. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' शाळेच्या कपाटात कुलुपात असतो. तो टेबलावर यावा. आणि परीक्षा घेणाऱ्यांनी यादीतील अर्थाऐवजी वाक्यातील उपयोग विचारावा. एवढ्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची वा अनुदानाची जरुरी नाही.

अभ्यासिकेतील त्या तरुणाला आपल्या आईच्या बोलीत पाव, पाऊण आणि सव्वा यांचा उगम आहे, आपल्या शहराच्या चारही भाषांत इंग्रजी म्हणींना तोडीस तोड म्हणी आहेत, हे एकदा उमजले, तर परक्या भाषेतील टाचांची त्याला भीती वाटणार नाही. मुलाखतीच्या खोलीत त्याचा एखादा शब्द चुकेलही. पण बाहेर पडताना त्याची मान खाली असणार नाही.